दारात उभं राहण्याची तयारी

देवउठनी एकादशी झाली की मी ओंकारेश्वरहून नर्मदा परिक्रमेला निघणार आहे. एकटी आणि पायी. मैया सतत उजव्या हाताला ठेवायची, तिचं पात्र कुठंही ओलांडायचं नाही. दक्षिण तटानं समुद्रापर्यंत जायचं, तिथं होडीतून मुखाला वळसा घालून मिठी तलाईला उतरायचं, उत्तर तटानं अमरकंटक गाठायचं आणि उगमाशी वळून पुन्हा दक्षिण तटानं ओंकारेश्वरला यायचं. नदीची लांबी १३१२ किलोमीटर. दोन्ही काठ धरले की आकडा दुप्पट होतो आणि धरणांच्या फुगवट्यामुळं पडणारे फेरे वेगळेच. परंपरेनं सांगितलेला काळ तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवसांचा. चातुर्मासात एका जागी थांबायचं असा त्यात नियम. आज बहुतेक पायी जाणारे पावसाळ्याआधी, चार-पाच महिन्यांत परिक्रमा पुरी करतात. माझाही तोच बेत आहे.

मी मिरजेची. सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स होते, आता निवृत्त आहे. मी निघणार हे कळल्यापासून घरी येणारा प्रत्येक जण पहिल्यांदा सामानाचं विचारतो. सॅक कुठली, स्लीपिंग बॅग की घोंगडी, पॉवर बँक किती वेळ चालते. जाऊन आलेल्यांच्या याद्या मोबाइलवर येतात. त्या कामाच्या आहेत आणि मी त्या मनापासून वाचते. पण त्या सगळ्या चालणाऱ्याच्या सोयीच्या आहेत. हा चालणारा संध्याकाळी ज्याच्या दारात जाऊन उभा राहणार, त्याच्या बाजूनं केलेली यादी मला अजून कुणी पाठवलेली नाही. परिक्रमेची तयारी त्या बाजूनं व्हायला हवी असं मला फार वाटतं. म्हणून हे लिहिते आहे.

परिक्रमावासी खोली भाड्यानं घेऊन राहत नाही. आश्रम, धर्मशाळा, देवळाचा ओटा, शाळेची पडवी, नाहीतर कुणाच्या घराची ओसरी. ‘नर्मदे हर’ म्हणायचं आणि आसन लावायला जागा मागायची. कुठं शिजलेलं अन्न मिळतं, कुठं सदाव्रत मिळतं, म्हणजे पीठ, डाळ, तांदूळ, मीठ असा कोरडा शिधा. तो आपला आपण शिजवायचा. किती पिढ्या हे असं चाललं आहे. काठावरची माणसं येणाऱ्याला मैयाचं माणूस मानतात आणि आधी त्याच्या पानात वाढतात. त्यांच्या या श्रद्धेवर आपली सगळी वाट उभी आहे.

पायांपासून सुरुवात करते, कारण पाय हे माझं वॉर्डातलं काम होतं. मधुमेहाच्या पेशंटच्या तळव्याला खडा टोचतो आणि त्याला कळतच नाही. चार दिवसांनी मोजा काढल्यावर वास येतो, तेव्हा घरचे घेऊन येतात. कितीतरी जणांची बोटं अशी गेलेली मी पाहिली आहेत. परिक्रमा अनवाणीच करायची असते असं आग्रहानं सांगणारे लोक भेटतात. ज्यांना ते जमतं त्यांना माझा नमस्कार आहे. पण साखर असलेल्या, तळव्यांना मुंग्या येणाऱ्या किंवा बधिरपणा असलेल्या माणसानं अनवाणी चालू नये. डोंगरात त्याचा पाय सुजला तर त्याला उचलून रस्त्यापर्यंत आणायचं काम तिथल्या चार माणसांच्या खांद्यावर येतं. त्यांची त्या दिवसाची मजुरी बुडते. आपल्या नेमाची किंमत त्यांनी का मोजावी?

माझे बूट मी संध्याकाळी घेतले, कारण दिवसभराच्या वावरानं पाय थोडे फुगलेले असतात. एक नंबर मोठेच घेतले. आषाढापासून तेच घालून चालते आहे, म्हणजे जे काही चावायचं ते इथंच चावून घेऊ दे. नखं सरळ रेषेत कापायची, कोपरे कोरायचे नाहीत. फोड आला तर वरची कातडी ओढून काढायची नाही. उकळून घेतलेल्या सुईनं कडेला भोक पाडायचं, पाणी काढून टाकायचं, पोव्हिडोन आयोडीन लावायचं आणि वर स्वच्छ गॉझ. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन झालं. किडकी दाढ भरून झाली. चष्मा जादाचा करून घेतला. रक्तदाबाच्या गोळीच्या चिठ्ठीवर डॉक्टरांकडून कंपनीच्या नावाऐवजी औषधाचं नाव लिहून घेतलं, कारण लहान गावातल्या दुकानात आपली कंपनी मिळेलच असं नाही. पाठीवरचं वजन पाण्यासकट माझ्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या वर जाऊ द्यायचं नाही असं ठरवलं आहे. घोंगडी, ताट-वाटी, लहान पातेलं, दोन साड्या, स्वेटर, कानटोपी, बॅटरी, मुक्कामाचे शिक्के घेण्याची वही आणि नर्मदाजलाची शिशी एवढ्यातच तो हिस्सा भरतो.

सराव म्हणून रोज पहाटे कृष्णा घाटापर्यंत जाऊन येते. पौर्णिमेला पूल ओलांडून अर्जुनवाड, शिरोळ करत नृसिंहवाडीला चालत जाते. वाडीला टेंबेस्वामींचं नाव रोज निघतं. सावंतवाडीकडच्या माणगावचे हे वासुदेवानंद सरस्वती १९१४ साली नर्मदाकाठी गरुडेश्वरला समाधिस्थ झाले. आम्हा कृष्णाकाठच्या माणसांना नर्मदा परकी वाटत नाही ती यामुळं. दक्षिण तटावर ओंकारेश्वरहून निघालं की थोड्या दिवसांत रावेरखेडी लागतं. तिथं १७४० साली पहिले बाजीराव गेले. त्यांच्या समाधीपाशी थोडा वेळ बसावं असं मनात आहे.

अशाच एका पौर्णिमेला मी मुद्दाम डबा घेतला नाही आणि पैसेही घेतले नाहीत. भूक लागेपर्यंत चालायचं आणि मग मागायचं. अर्जुनवाडच्या पुढं उसात एक घर दिसलं. दाराशी गेले खरी, पण शब्द फुटेना. आयुष्यभर देणाऱ्याच्या बाजूला उभी होते मी. गोळी देणारी, सलाइन लावणारी, पाणी पाजणारी. घसा कोरडा पडला होता. शेवटी म्हटलं, “ताई, भाकरी मिळेल का? वाडीला चाललेय.” ती चुलीपुढनं उठली. “या की आत. उनाचं कुठं थांबलायसा भाईर?” म्हणाली. मग तिनं दुरडीवरचं फडकं बाजूला केलं आणि आत बघितलं.

अगदी क्षणभर. पण तेवढ्यात तिनं घरातली तोंडं मोजली हे मला स्पष्ट दिसलं. मला एक भाकरी, दोडक्याची भाजी आणि खर्डा वाढला, वर आणखी घ्या म्हणाली. मी जेवत असताना तिनं काठवट ओढली आणि पुन्हा पीठ मळायला घेतलं. “पोरगं यायचंय साळंतनं, त्येला ताजी टाकते,” म्हणाली. माझ्यासाठी तिनं निवलेली चूल पुन्हा फुंकली. जाताना भांडी घासते म्हटलं तर हात धरून उठवलं तिनं मला.

ते दुरडीत बघणं माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. परिक्रमेच्या वाटेवर रोज कुठंतरी एक बाई तसं बघणार आहे. बरं, ही शिरोळ तालुक्यातली बागायतदाराघरची सून. सातपुड्यातल्या घरात दुरडी कितीशी भरलेली असेल?

बडवानीजवळच्या राजघाटाच्या पुढं दक्षिण तटाची वाट सातपुड्यात शिरते. जुने लोक तिला शूलपाणीची झाडी म्हणतात. परिक्रमेच्या प्रत्येक पुस्तकात आणि प्रत्येक गप्पांत या झाडीतल्या लुटीची गोष्ट येतेच. भिल्ल मामा येतात, कपड्यांसकट सगळं काढून घेतात, एक लंगोटी तेवढी ठेवतात. ती गोष्ट रंगवून सांगणाऱ्यांना मला एवढंच विचारायचं असतं, की अंगावरचा सदरा काढून घ्यावा लागतो त्या माणसाच्या घरात काय असेल? आता ही लूट थांबली आहे. त्याच वस्त्यांत आज परिक्रमावासीला चहा आणि जेवण मिळतं, असं जाऊन आलेले सगळे सांगतात. ज्यांच्या नावानं भीती घातली गेली तेच आता जेवू घालतात, आणि आपण त्याचं श्रेय मैयाच्या चमत्काराला देऊन मोकळे होतो. मैया तर आहेच. पण भाकरी त्या घरातल्या बाईनं थापलेली असते.

हा भाग आपल्या राज्यातला आहे हेही पुष्कळांना ठाऊक नसतं. नर्मदेचा सुमारे ५४ किलोमीटरचा काठ महाराष्ट्राच्या वाट्याला येतो. तो सगळा नंदुरबार जिल्ह्यात, अक्राणी (धडगाव) आणि अक्कलकुवा तालुक्यांत. सरदार सरोवर धरणाचं पाणी भिंतीपासून सुमारे २१४ किलोमीटर मागं पसरतं. महाराष्ट्रातली ३३ गावं या धरणानं बाधित झाली, मणिबेली त्यातलं पहिलं. शूलपाणेश्वराचं जुनं देऊळ पाण्यात गेलं आणि नवं गोऱ्याला बांधलं गेलं. २०१७ मध्ये धरणाचे दरवाजे बंद झाले, उंची १३८.६८ मीटर झाली. काठाकाठानं जाणारी जुनी पायवाट आता पाण्याखाली आहे; चालणाऱ्याला डोंगर चढून धडगाव, मोलगीकडून जावं लागतं. म्हणजे आपल्याला आसरा देणाऱ्यांपैकी कितीतरी जणांचं स्वतःचं गाव, शेत, देव पाण्यात गेले आहेत. पावरा आणि भिल्ल कुटुंबं पुनर्वसनाच्या वसाहतींत गेली, काही वर डोंगरात सरकली. हे माहीत नसताना त्यांच्या ओसरीवर घोंगडी पसरणं मला योग्य वाटत नाही.

म्हणून गेले काही महिने मी वाचते आहे. गो. नी. दांडेकरांचं ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ पुन्हा वाचलं. त्यांनी तरुणपणी पाहिलेला काठ धरणांच्या आधीचा. तो शोधत गेलं तर सापडणार नाही. जबलपूरचे चित्रकार अमृतलाल वेगड १९७७ साली मंडल्याच्या वाटेवर पहिल्यांदा चालले आणि नंतर वर्षानुवर्षं तुकड्यातुकड्यानं नर्मदेकाठी फिरत राहिले. त्या पहिल्या वाटेचा मोठा भाग पुढं बर्गी धरणात गेला. नदी बदलली तशी आपली तयारीही बदलायला हवी ना? भारती ठाकूर मैत्रिणींबरोबर परिक्रमा करून आल्या, त्यावर पुस्तक लिहिलं आणि मग निमाडात परत जाऊन नर्मदालय उभं केलं, तिथल्या मुलांसाठी शाळा काढल्या. परिक्रमेनं माणूस बदलतो म्हणतात ते मला त्यांच्या बाबतीत पटतं, कारण त्या बदलाचा काठावरच्या मुलांना उपयोग झाला.

“आई, एखादा ग्रुप बघ ना,” मुलगा म्हणतो. नणंद म्हणते, “वहिनी, एवढ्या लांब बाईमाणसानं एकटं जाऊ नये हो.” त्यांची काळजी खरी आहे आणि मी ती उडवून लावत नाही. दिवस मावळायच्या आत मुक्काम गाठायचा, अंधारात पाऊल टाकायचं नाही, रोज संध्याकाळी मुलाला निरोप, झाडीच्या टप्प्यात सोबत मिळाली तर घ्यायची, आधार कार्डाच्या प्रती आणि घरचे नंबर सॅकमध्ये आणि अंगावर दोन्हीकडे, असं सगळं ठरलं आहे. पण ग्रुप नको. दहा जण एखाद्या वस्तीवर पोहोचले की त्या वस्तीला त्यांचं करावं लागतं. चूल पेटते, पाणी भरलं जातं, कुणीतरी आपली खाट देतं. एकटं माणूस ओसरीच्या कोपऱ्यात मावतं. एकटीनं जाण्यामागं ध्यान, शांतता, मौन ही माझीही ओढ आहे, पण सगळ्यात मोठं कारण हे आहे. अलीकडे चैत्रातल्या उत्तरवाहिनी परिक्रमेला नदी उत्तरेकडे वाहते त्या तिलकवाडा-रामपुऱ्याच्या छोट्या पट्ट्यात जी गर्दी लोटते ती पाहिल्यावर तर मला याची फारच खात्री झाली आहे.

माझ्या यादीत आता पुढच्या गोष्टी आहेत. तीन दगडांच्या चुलीवर स्वतःपुरती खिचडी आणि टिक्कड करता येणं. परसात करून बघते आहे, ओल्या लाकडाचा धूर अजून डोळ्यांत जातो, पण जमतंय. चहा सोडला. सकाळी उठल्या उठल्या चहाची आस असलेलं माणूस दुसऱ्याच्या घरात फार त्रास देतं. जे वाढतील ते, जेवढं वाढतील तेवढं, आणि नाही म्हणाले तर ‘नर्मदे हर’ म्हणून पुढं. मुक्कामाच्या जागी झाडलोट आणि भांडी माझ्याकडे. नदीत साबण नाही, निर्माल्य नाही, प्लॅस्टिकची पिशवी तर नाहीच. कचरा सॅकमध्ये घालून मोठ्या गावापर्यंत आणायचा.

मुलांना गोळ्या-चॉकलेटं वाटणार नाही. काठावरची मुलं ‘नर्मदे हर’ म्हणत धावत येतात आणि हात पुढं करतात. ही सवय आपण लावली आहे. त्यांचे आईबाप देणारे आहेत आणि आपण त्या मुलांना मागायला शिकवतो. खिशातून काही काढण्यापेक्षा मी त्यांच्याशी बसून बोलेन, नखं बघेन, हात धुवायला लावेन. औषधंही वाटणार नाही. नर्स आहे म्हटल्यावर लोक विचारणारच, पण एक गोळी देऊन पुढं निघून गेलेल्या माणसाला त्या गोळीचा परिणाम बघता येत नाही. जुलाब होत असतील तर मीठ-साखरेचं पाणी कसं करायचं ते दाखवेन, तान्ह्याला ताप असेल तर उशीर न करता दवाखान्यात न्या म्हणून सांगेन आणि गावातल्या आशाताईला गाठेन.

दवाखान्यात न्या म्हणणं सोपं आहे. धडगाव, अक्कलकुवा हे तालुके आपल्याला कुपोषणाच्या बातम्यांतून माहीत असतात. बाळंतपणात अडलेली बाई बांबूला बांधलेल्या झोळीत घालून डोंगरउतारावरून रस्त्यापर्यंत आणल्याच्या बातम्या याच भागातून पुन्हा पुन्हा येतात. धरणाच्या पाण्यात बोटीवरचा दवाखाना फिरतो, कारण काही वस्त्यांना दुसरी वाटच नाही. दरवर्षी महाराष्ट्रातून कितीतरी सुशिक्षित माणसं या वस्त्यांमधून चालत जातात. शिक्षक असतात, इंजिनिअर असतात, बँकेतून आणि सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले असतात. परतल्यावर व्याख्यानं देतात, पुस्तकं लिहितात. त्यात मैयानं दिलेले दृष्टांत असतात, वाटेत भेटलेला अश्वत्थामा असतो, संकटात धावून आलेली कुमारिका असते. ज्या घरी रात्र काढली तिथून आरोग्य उपकेंद्र किती लांब आहे, अंगणवाडी उघडी होती का, शाळेत शिक्षक होता का, हे फार क्वचित असतं. ज्यांनी आयुष्याची कितीतरी वर्षं अर्ज लिहिण्यात आणि वाचण्यात घालवली, त्यांनी मुक्कामाच्या शिक्क्यांच्या वहीत एवढं टिपून ठेवलं आणि परतल्यावर नंदुरबार जिल्हा परिषदेला नाव, गाव, तारीख घालून कळवलं, तर त्या कागदाला वजन येईल. मी माझ्या वहीला त्यासाठी वेगळी पानं आखून घेतली आहेत.

देणगीबद्दलही एक सांगते. आपल्याकडची सधन मंडळी काठावरच्या अन्नछत्रांना भरभरून देतात, ते चांगलंच आहे. पण अन्नछत्रात जेवणारे बहुतेक आम्हीच असतो, घरी पोटभर खाऊन निघालेले. त्यातला अर्धा हिस्सा तरी त्याच काठावरच्या शाळांना, वसतिगृहांना, जीवनशाळांना जावा. जीवनशाळा नर्मदा आंदोलनातून उभ्या राहिल्या. बुडालेल्या गावांची मुलं त्यांत शिकली. परिक्रमेला जाणाऱ्यानं किंवा त्याच्या घरच्यांनी, चार-पाच महिन्यांचा आपला जेवणाचा खर्च वाचला तो हिशेबानं बाजूला काढावा. घरात किती लागले असते ते गृहिणीला अचूक माहीत असतं. मी माझी रक्कम काढून मुलाकडे दिली आहे, कुठं द्यायची ते वाटेवरून कळवीन.

गोवा एक्स्प्रेसचं खंडव्यापर्यंतचं तिकीट काढलं आहे, तिथून बसनं ओंकारेश्वर. बेटावरच्या ओंकारेश्वराचं दर्शन संकल्पाच्या आधी घ्यावं लागेल, कारण संकल्प सोडल्यावर पाणी ओलांडता येत नाही. मग अलीकडच्या तीरावर ममलेश्वराला नमस्कार करायचा, कढई, म्हणजे मैयाला शिऱ्याचा नैवेद्य, करायची, कुमारिकांना जेवू घालायचं आणि निघायचं. बडवानीच्या बाजारात तूरडाळ, तांदूळ, मीठ आणि थोडा गूळ घेतल्याशिवाय झाडीत शिरायचं नाही, असं वहीत पहिल्याच पानावर लिहिलं आहे. तेवढ्यानं पाठीवर दोन-अडीच किलो वाढतील. त्यासाठी दुसरा स्वेटर, पॉवर बँक आणि जाडजूड आरतीसंग्रह काल सॅकमधून काढून ठेवला. आरत्या तशाही पाठ आहेत.